वाचक विचारतात : जुन्या मोटारींचा आवाज कसा कमी झाला?

गेल्या अंकात पहिल्या महायुद्धाआधीच्या मोटारींवर दोन पाने लिहिली होती. त्यात ओघात एक वाक्य आले होते की, त्या काळच्या कारखानदारांना वेगापेक्षा आवाजाची चिंता जास्त होती. या एका वाक्यावर इतकी पत्रे आली, की या महिन्याचे सदर त्यालाच द्यावे असे वाटले. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न (सांगली) : अगदी पहिल्या मोटारींना सायलेन्सर नव्हता का? सायलेन्सरचा शोध हायरम पर्सी मॅक्सिम यांनी लावला असे वाचनात आले. ते खरे आहे का?

उत्तर : आधी हा आवाज येतो कुठून ते पाहू. सिलिंडरमध्ये होणारा स्फोट हे त्याचे उगमस्थान आहे असा बहुतेकांचा समज असतो. पण तो स्फोट जाड बिडाच्या भिंतींआड होतो आणि त्याचा फारच थोडा भाग बाहेर पोचतो. खरा कडकडाट त्यानंतरचा आहे. पिस्टन खाली येत असताना एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह, म्हणजे जळलेला वायू बाहेर सोडणारी झडप, उघडतो, तेव्हा आतल्या तापलेल्या वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या काही पट असतो. दार उघडताच तो एकदम बाहेर झेपावतो, आणि बाहेरच्या हवेला बसणारा तो तडाखा आपल्याला आवाज म्हणून ऐकू येतो. कार्ल बेंझ यांच्या १८८६ सालच्या तीनचाकी गाडीला एकच सिलिंडर होता आणि इंजिन मिनिटाला सुमारे ४०० फेरे घेई. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा वायू बाहेर पडतो, म्हणजे मिनिटाला सुमारे २०० तडाखे, सेकंदाला तीन-साडेतीन. हे तडाखे कान वेगवेगळे मोजू शकतो. आपल्या भाषेने मोटारसायकलला 'फटफटी' हे नाव दिले ते याच वेगवेगळ्या ऐकू येणाऱ्या तडाख्यांवरून, आणि ज्यांचे लहानपण ऑइल इंजिनवर चालणाऱ्या पिठाच्या गिरणीजवळ गेले त्यांना ती 'पुक पुक' अजून आठवत असेल. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला १२०० फेऱ्यांनी फिरले, की हेच तडाखे सेकंदाला ४० होतात. ते एकमेकांत मिसळतात आणि कानाला सलग घरघर ऐकू येते. सिलिंडरची संख्या वाढली की गाडी शांत वाटू लागते, त्याचे निम्मे कारण यात आहे.

आता सायलेन्सरचा प्रश्न. मोटार जन्माला येण्याआधीच कारखान्यांत जागेवर बसवलेली गॅस इंजिने चालत होती आणि त्यांच्या एक्झॉस्टच्या वाटेत बिडाचे मोठे भांडे बसवण्याची किंवा तो वायू दगडगोटे भरलेल्या खड्ड्यात सोडण्याची पद्धत होती. म्हणून या कल्पनेचा कोणी एकच जनक दाखवता येणार नाही. मोटारीपुरते बोलायचे तर अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावचे मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज या बंधूंचे नाव मॅक्सिमच्या आधी घ्यायला हवे. त्यांनी १८९६ साली आपली पहिली मोटार चालवली आणि पुढच्याच वर्षी, १८९७ साली, एक्झॉस्टचा आवाज दाबणाऱ्या साधनाचे पेटंट घेतले. त्या काळी रस्ता घोड्यांचा होता. गाडीच्या फटफटाटाने घोडा उधळला, की टांगा, टांग्यातली माणसे आणि मोटारवाला असे सगळेच संकटात सापडत. आवाज कमी करणे हा त्यामुळे चैनीचा नव्हे, रस्त्यावर वावरण्याच्या परवानगीचा प्रश्न होता.

मॅक्सिम यांचे श्रेय वेगळे आहे आणि तेही मोठे आहे. मॅक्सिम मशीनगन शोधणारे हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम हे त्यांचे वडील. मुलाने १८९५ पासून हार्टफर्डच्या पोप कंपनीत मोटारी घडवल्या आणि १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट मिळवले. बंदुकीच्या नळीतून सुटणारा वायू आणि मोटारीच्या नळीतून सुटणारा वायू यांचे दुखणे एकच, हे त्यांनी ओळखले होते, आणि त्यांची कंपनी पुढे बंदुका सोडून इंजिनांच्या सायलेन्सरकडेच वळली. बंदूक आणि मोटार या दोहोंसाठी सायलेन्सर हा एकच शब्द रूढ झाल्यामुळे शोधाचे श्रेयही एकाच माणसाकडे गेले असावे, असे मला वाटते.

प्रश्न (इचलकरंजी) : सायलेन्सरच्या आत नेमके काय असते? आमचे मिस्त्री म्हणतात की सायलेन्सर काढला तर गाडीची ताकद वाढते. जुन्या गाड्यांत तो बंद करण्याची सोय होती म्हणे.

उत्तर : काही वर्षांपूर्वी एका संग्राहकाच्या फोर्ड मॉडेल टीचा सायलेन्सर मी स्वतः उघडला होता. त्यात जादू काही नाही. दोन टोकांना बिडाची दोन झाकणे, ती आवळून धरणारे लांब बोल्ट, आणि झाकणांमध्ये एकात एक बसवलेली पत्र्याची नळकांडी. आतल्या नळकांड्याची भोके एका टोकाला, त्याबाहेरच्या नळकांड्याची भोके दुसऱ्या टोकाला. वायू आतल्या नळीतून येतो, भोकांतून पसरत बाहेरच्या पोकळीत जातो, तिथे उलट दिशेने परत फिरतो आणि मग पुढच्या भोकांतून निसटतो. बोट फिरवले तर पहिल्या भोकांसमोरच्या पत्र्यावर काजळीचे गोल ठिपके अगदी रांगेने उमटलेले होते. प्रत्येक तडाखा कुठे आदळत होता याची जणू नोंदच.

एवढ्या प्रवासात तीन गोष्टी घडतात. अरुंद नळीतून रुंद पोकळीत आल्यामुळे दाबाच्या लाटेचा काही भाग मागे परततो आणि पुढे जाणारा भाग दुबळा होतो. एकदम आलेला वायू पोकळीत साठून हळूहळू बाहेर पडतो, म्हणजे झटका पसरून त्याचा प्रवाह होतो. आणि वायू पत्र्याला उष्णता देऊन निवतो, तसा आकसतो. पोकळी जितकी मोठी तितका हा परिणाम चांगला. पण गाडीखाली जागा मोजकी असते, त्यामुळे सुरुवातीच्या अनेक कारागिरांनी लहान डब्यात भरपूर आडपडदे घालून आवाज मारला आणि त्याबरोबर इंजिनचा श्वासही कोंडला.

तुमच्या मिस्त्रींचे म्हणणे तिथून आलेले आहे. वाट अडली की जळलेला वायू पुरता बाहेर पडत नाही, पिस्टनला तो ढकलावा लागतो आणि नव्या मिश्रणाला सिलिंडरमध्ये तेवढी जागा कमी मिळते. म्हणून जुन्या गाड्यांना 'कट-आउट' असे. हे एक्झॉस्टच्या नळीवरचे झडपेचे दार. चालकाने पायाने कळ दाबली, की वायू सायलेन्सरला वळसा घालून थेट बाहेर पडे. चढावर ते उघडायचे आणि गावात बंद ठेवायचे, असा संकेत होता. त्याचा एक खरा उपयोगही होता : कट-आउट उघडून ऐकले, की चारपैकी एखादा सिलिंडर 'मिस' मारत असेल तर लगेच कळे. पण हौसेने आणि मिरवण्यासाठी ते गावातही उघडे राहू लागले, लोक वैतागले आणि अनेक शहरांनी त्यावर बंदी घातली.

तरीही 'सायलेन्सर म्हणजे ताकदीचा तोटा' हे विधान सरसकट खरे नाही, आणि त्याचा पुरावा शर्यतीच्या मैदानातून देता येतो. इंग्लंडमधली ब्रुकलँड्सची धावपट्टी १९०७ साली सुरू झाली. आसपासच्या रहिवाशांनी आवाजाविरुद्ध अनेक वर्षे तक्रारी केल्या, प्रकरण न्यायालयात गेले, आणि १९२०च्या दशकाच्या मध्यापासून तिथे धावणाऱ्या प्रत्येक गाडीला ठरावीक पद्धतीचा सायलेन्सर सक्तीचा झाला : मोठा फुगीर डबा आणि शेवटी माशाच्या शेपटीसारखी चपटी होत गेलेली नळी. या सक्तीनंतर, १९३५ साली, जॉन कॉब यांनी जवळजवळ २४ लिटरच्या विमानी इंजिनाची नेपियर-रेल्टन गाडी तिथे ताशी १४३.४४ मैल वेगाने फिरवली. तो विक्रम धावपट्टी बंद होईपर्यंत कोणी मोडला नाही, आणि तो सायलेन्सर लावून झालेला आहे. डबा पुरेसा मोठा असेल आणि वाट मोकळी असेल, तर शांतता आणि ताकद एकत्र नांदू शकतात. तुमच्या मिस्त्रींना एवढे जरूर सांगा.

प्रश्न (नागपूर) : आमच्याकडे एका जुन्या डेमलर गाडीची माहितीपुस्तिका आहे. तिच्या इंजिनाला व्हॉल्व्हच नाहीत असे त्यात लिहिले आहे. हे कसे शक्य आहे? आणि त्याचा आवाजाशी काय संबंध?

उत्तर : हा प्रश्न मला फार आवडला, कारण या सगळ्या इतिहासातली मधली कडी इथे आहे. एक्झॉस्टचा आवाज दबला, आणि तोपर्यंत त्याखाली झाकलेले दुसरे आवाज उघडे पडले. त्यांतला सर्वांत चिडवणारा आवाज व्हॉल्व्हचा होता. छत्रीच्या आकाराचा व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या जोरावर दिवसभर आपल्या बैठकीवर आपटत राहतो, आणि त्याला उचलणारा टॅपेट व व्हॉल्व्हची दांडी यांच्यात थोडी फट ठेवावीच लागते, कारण दांडी तापून लांब होते. ती फट प्रत्येक फेऱ्यात मिटते आणि 'टिक' वाजते. त्या काळी कॅमचा, म्हणजे फिरता फिरता टॅपेटला वर ढकलणाऱ्या उंचवट्याचा, आकार आणि फटीचे माप आजच्याइतके काटेकोर नव्हते, म्हणून टिकटिकीची खडखड होई.

शिकागोचे चार्ल्स येल नाइट मूळचे वृत्तपत्र-व्यवसायातले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी नॉक्स कंपनीची एक गाडी घेतली आणि तिच्या व्हॉल्व्हच्या खडखडीला ते इतके कंटाळले, की व्हॉल्व्हच नसलेले इंजिन करायचे असे त्यांनी ठरवले. तुमच्या पुस्तिकेत लिहिलेय ते हेच. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये एकात एक बसणाऱ्या दोन पातळ बाह्या. बाह्यांना खिडक्या कापलेल्या. एका लहान दंडाच्या मदतीने बाह्या वर-खाली सरकत राहतात, आणि दोघींच्या खिडक्या सिलिंडरच्या खिडकीसमोर आल्या की वाट उघडते. कुठे आपटणे नाही, स्प्रिंग नाही, फट नाही. फक्त तेलावरून घसरणे. १९०६ साली शिकागोच्या प्रदर्शनात त्यांनी आपली गाडी मांडली आणि नाव ठेवले 'सायलेंट नाइट'. अमेरिकन कारखानदारांनी त्यात विशेष रस घेतला नाही. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या डेमलर कंपनीने मात्र तो घेतला, आणि तिचे सल्लागार फ्रेडरिक लँचेस्टर यांच्या हाताखाली ते इंजिन सुधारून घडवले.

लोक विचारू लागले की पातळ बाह्या टिकणार किती. त्याचे उत्तर १९०९ साली रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली मिळाले. दोन इंजिने चाचणीच्या बाकावर भाराखाली सलग १३२ तास चालवली, म्हणजे साडेपाच दिवस आणि रात्री. मग गाड्यांत बसवून ब्रुकलँड्सवर सुमारे २००० मैल पळवली. मग परत बाकावर पाच तास. उघडून पाहिले तर झीज जवळपास नव्हती. क्लबचा त्या वर्षीचा ड्युअर करंडक डेमलरला मिळाला. बेल्जियमची मिनर्व्हा, फ्रान्सची पान्हार, जर्मनीची मर्सिडीज यांनीही हक्क विकत घेतले, आणि ज्या अमेरिकेने आधी पाठ फिरवली होती तिथे विलिस-नाइट या नावाने ही इंजिने १९३३ पर्यंत निघत राहिली.

मग ती गेली कुठे? दोन बाह्यांच्या चारही पृष्ठभागांना तेल लागते. ते तेल थोडे थोडे सिलिंडरमध्ये जाते आणि मागून निळसर धूर निघतो. त्या काळच्या छायाचित्रांत राजघराण्यातल्या डेमलर गाड्या डौलात दिसतात, पण मागे बसणाऱ्या पाहुण्यांच्या नाकाला ती शान सोसावी लागत असे. शिवाय घडवायला खर्च जास्त. तेवढ्या वेळात साधा व्हॉल्व्हही शांत होत गेला : कॅमचे आकार सुधारले, व्हॉल्व्हवर झाकणे आली, आणि १९३० साली कॅडिलॅकने आपल्या सोळा सिलिंडरच्या इंजिनात तेलाच्या दाबाने फट आपोआप मिटवणारी योजना बसवली. माझे स्पष्ट मत असे, की नाइट यांचे इंजिन हरले तरी त्यांनी साऱ्या व्यवसायाचा कान तयार केला. १९०९ नंतर 'मोटार म्हटली की खडखडणारच' ही सबब कोणालाच देता येईना.

व्हॉल्व्ह शांत होताच कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या दातेरी चाकांची कुरकुर ऐकू येऊ लागली. तिच्यासाठी मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्ड यांची १८८५ सालची 'सायलेंट चेन' कामी आली; काहींनी कच्च्या चामड्याच्या आणि नंतर दाबलेल्या कापडाच्या थरांच्या चाकांचाही वापर केला, कारण लोखंडावर लोखंड वाजते, लोखंडावर चामडे वाजत नाही. मग पाळी गिअरबॉक्सची आणि मागच्या अॅक्सलची. पॅकार्डने १९१३ साली मागच्या अॅक्सलमध्ये तिरक्या, वळणदार दात्यांची चाके आणली, तेव्हा सरळ दात्यांचा तो कण्हल्यासारखा सूर बराच थांबला. पुढच्या टप्प्यात इंजिनाची थरथर चेसिसपर्यंत पोचू नये म्हणून रबराच्या बैठका आल्या. १९३१ च्या प्लिमथने त्यांचा गाजावाजा केला.

प्रश्न (कोल्हापूर) : शंभर वर्षांपूर्वी रोल्स-रॉइस मुंबईहून कोल्हापूरला शर्यतीत आली होती असे ऐकले आहे. ती खरोखर इतकी शांत होती का?

उत्तर : होय, ही ऐकीव गोष्ट नाही. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर अशी मोटारींची कसोटी घेण्यात आली. त्यात 'पर्ल ऑफ द ईस्ट' या नावाची ४०/५० अश्वशक्तीची रोल्स-रॉइस घाट चढून उतरून यशस्वी झाली, आणि पुढे ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतली. हेच ते मॉडेल, ज्याच्या एका चंदेरी गाडीवरून सगळ्यांना मिळून 'सिल्व्हर घोस्ट' हे नाव पडले. नावातले 'भूत' आवाज न करता येणारे आहे.

तिच्या शांततेचे रहस्य एका भागात सापडत नाही. सात लिटरच्या इंजिनाला सहा सिलिंडर, आणि क्रँकशाफ्टला, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल फेऱ्यांत बदलणाऱ्या दांड्याला, तब्बल सात बेअरिंगचा आधार. लांब क्रँक प्रत्येक तडाख्याला पिळवटतो आणि ठरावीक वेगाला थरथरू लागतो. त्या पिढीतल्या सहा सिलिंडरच्या बऱ्याच गाड्या या दुखण्याने बदनाम झाल्या. हेन्री रॉइस यांनी क्रँक जाड आणि ताठ ठेवला, बेअरिंगना दाबाने तेल दिले आणि प्रत्येक भाग स्वतःच्या देखरेखीखाली घासून-मोजून बसवून घेतला. लँचेस्टर यांनी याच पिळवटण्यावर सुमारे १९१० साली क्रँकच्या टोकाला बसणारा शमक काढला, आणि त्याच तत्त्वाचे शमक आजही मोटारींच्या इंजिनांत असतात. १९०७ साली मूळ सिल्व्हर घोस्टने निरीक्षकांच्या समक्ष १५,००० मैल कापले. त्यात सुरुवातीला ती एकदा थांबली ती पेट्रोलची तोटी हादऱ्याने आपोआप बंद झाली म्हणून. त्यानंतरचे १४,३७१ मैल ती अडली नाही.

प्रश्न (म्हापसा) : मग विजेवरच्या गाड्याच का टिकल्या नाहीत? त्या तर मुळातच शांत होत्या.

उत्तर : त्या शांत होत्या हे खरेच. स्वतः हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा या डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवत. पण बॅटरी जड आणि पल्ला थोडा. त्यातच १९१२ साली कॅडिलॅकने विजेचा सेल्फ-स्टार्टर दिल्यावर हँडल मारण्याचा जाच संपला आणि विजेच्या गाडीचा एक मोठा फायदाही त्याबरोबर गेला.

प्रश्न (सातारा) : घरातली १९३०च्या दशकातली गाडी पुन्हा चालती करत आहोत. ती फार वाजते. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : काही बदलण्याआधी ऐका. दीड-दोन फुटांची सरळ, कोरडी लाकडी काठी घ्या, तिचे एक टोक इंजिनवर टेकवा आणि दुसरे कानाजवळच्या हाडाला लावा. फिरणारा पंखा आणि पट्टा यांपासून बाही आणि केस दूर ठेवा. टॅपेटच्या झाकणावर टिकटिक स्पष्ट ऐकू आली, तर फीलर गेजने, म्हणजे फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी, फट तपासा. ती गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाइतकीच ठेवा. टिकटिक पुरती बंद करण्याच्या मोहाने फट कमी केली, तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह नीट बसणार नाही आणि जळेल. पुढच्या झाकणावर, कॅमशाफ्टच्या चाकांपाशी खरखर असेल तर चेन किंवा चाके झिजली आहेत. 'फुस फुस' असा आवाज मॅनिफोल्डजवळ, म्हणजे इंजिनाला एक्झॉस्टची नळी जोडणाऱ्या भागाजवळ, येत असेल आणि गाडी तापल्यावर कमी होत असेल, तर पॅकिंग फुटले आहे. हा दोष पुष्कळदा सायलेन्सरच्या माथी मारला जातो.

सायलेन्सरला हात घालताना एक काळजी अवश्य घ्या. त्या काळच्या सायलेन्सरवर आणि एक्झॉस्टच्या नळीवर अनेकदा पांढुरके, धाग्याधाग्याचे वेष्टन असते. ते अॅस्बेस्टॉस असू शकते, आणि त्याची धूळ फुप्फुसांत गेली तर अनेक वर्षांनी जिवावर बेतते. ते कोरडे खरवडू नका, ब्रश मारू नका, हवेने फुंकू नका. घरातल्या मुलांना तिथून दूर ठेवा, आणि ते वेष्टन काढण्याचे काम त्याची साधने असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. नवा डबा करून घ्याल तेव्हा मूळ डब्याइतकीच पोकळी आणि मूळ नळीइतकाच व्यास ठेवायला सांगा, आणि पहिल्यांदा इंजिन चालू कराल ते उघड्या अंगणात करा.